गार्डन फक्त नकाशातच?

संपादक साहेब,

आमच्या सोसायटीसमोर एक प्लॉट आहे, डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, हिरवा, म्हणजे गार्डनचं आरक्षण, आणि प्रत्यक्षात दिवसा भंगाराचे टेम्पो, रात्री डीजे. आजी-आजोबा संध्याकाळी मेडिकलच्या पायरीवर बसतात, दुसरी जागाच नाही. पालिकेत विचारायला गेलो तर म्हणे जागा घ्यायला बजेट नाही. बरं, १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचं कलम १२७ म्हणतं, १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि तरीही मुदतीत काही हललं नाही तर आरक्षणच जातं, मग तिथे टॉवर. मालकाला तरी काय बोलणार, त्याची जमीन वर्षानुवर्षं अडकलेली!

उपाय जुनाच आहे, टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. मुंबई इलाख्याचा कायदा १९१५ चा! सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते, शाळा, मैदान आधी काढायचं, मग प्रत्येकाला थोडा लहान पण नीट चौकोनी, रस्त्याला लागून प्लॉट परत. जागा विकत घ्यायला कोटी मोजावे लागत नाहीत आणि भाव वाढतो म्हणून शेतकरीही तयार होतो. अहमदाबादच्या रिंग रोडची बरीच जमीन अशीच मिळाली, आपल्याकडे मात्र आधी बिल्डिंग, मग रस्ता, मग रस्तारुंदी.

आता नवीन डीपीवर हरकती-सूचना चालू आहेत म्हणून बघायला गेलो. नकाशा दुसऱ्या मजल्यावर कपाटामागे लावलाय, झेरॉक्स इतकी फिकट की आमचा प्लॉट हिरवा आहे की पिवळा तेच कळेना.

– एक वाचक