मेट्रोचा जिना उतरल्यावर पुढे काय?

महोदय,

केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणात निधी मागणाऱ्या राज्यांसाठी एक अट आहे. स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर टापूतून प्रवासी चालत, सायकलने किंवा फीडर (स्थानकापर्यंत ने-आण करणाऱ्या) बसने कसा येईल, याची हमी प्रकल्प अहवालातच द्यायची. हमी दिली जाते. मंजुरीनंतर तिची विचारपूस कोणी करत नाही. मेट्रोची हद्द जिन्यापाशी संपते, पुढचा पदपथ महापालिकेचा आणि त्यावरचा डीपी, म्हणजे विजेची पेटी, महावितरणचा!

स्थानकाभोवतीच्या 500 मीटरचे पदपथ मेट्रोच्याच अंदाजपत्रकात धरावेत. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनुसार किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी, काठाची उंची 150 मिलिमीटरच्या आत. बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो सोसायट्यांच्या फाटकांपाशी. गाडीसाठी पदपथच रस्त्याच्या पातळीला उतरवतात, मग माणूस सतत चढउतार करतो आणि शेवटी रस्त्यावरून चालतो. पदपथ सलग ठेवून गाडीला उतार द्यायला हवा. कामाचा क्रमही उलटा असतो. खरे तर आधी केबल व वाहिन्या, मग चेंबरची झाकणे पातळीत, पेव्हर ब्लॉक सर्वांत शेवटी हवेत. नाहीतर वर्षभरात खोदाई ठरलेलीच.

दुसरा प्रश्न जमिनीखालचा, सांडपाण्याच्या वाहिन्यांचा. पुण्यात स्थानकापासून 500 मीटरच्या आत रुंद रस्त्यालगत 4 पर्यंत एफएसआय मिळतो, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम करता येते. 4,000 चौरस मीटरच्या भूखंडावर, घरामागे 80 चौरस मीटर आणि पाच माणसे धरली तर 200 घरे, हजार माणसे. माणशी रोज 135 लिटर पाणी, त्याच्या 80 टक्के सांडपाणी, म्हणजे एक लाख आठ हजार लिटर. सकाळच्या गर्दीच्या वेळी तिप्पट प्रवाह धरायचा, तो सेकंदाला पावणेचार लिटर होतो. 150 मिलिमीटर व्यासाची वाहिनी बेताच्या उतारावर, सेकंदाला 0.6 मीटर वेगाने, साडेदहा लिटरच वाहून नेते. अशा तीनच इमारती झाल्या की चेंबर उफाळणार. वाढीव एफएसआयसाठी बिल्डर भरतो ते अधिमूल्य आधी त्याच रस्त्याखालच्या वाहिनीवर खर्च व्हावे.

न्यूयॉर्क राज्याच्या 2010 च्या कायद्यानुसार, सरकारी पैशाचा प्रकल्प नियोजनाच्या निकषांत बसतो असे संस्थाप्रमुखाला लेखी द्यावे लागते. बसत नसेल तर कारणांसह. ‘जमत नाही’ म्हणायलाही सही लागते. आपल्याकडे मेट्रो आणि महापालिका यांनी 500 मीटरची संयुक्त मोजणी करून सह्या केल्याशिवाय निधीचा शेवटचा हप्ता देऊ नये.

— एक वाचक, पुणे