नाना, त्या फ्लॅटवर सही करण्याआधी

मँचेस्टर, रविवार

ती. नाना आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. नाना, तुम्ही म्हणाले, "तू राहते तशाच बिल्डिंगीतला फ्लॅट पुण्यात मिळू राह्यला. बिल्ड टू रेंट म्हणतात त्याला. तीन वर्षं भाड्याची हमी." मागून आई म्हणाली, "अहो, तिला नीट विचारा तरी." म्हणून लिहायलाच बसले. फोनवर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला "बरं, जेवली का?" वर येता.

बिल्ड टू रेंट म्हणजे काय ते आईला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. भुसावळला आजोबांनी रेल्वेवाल्यांसाठी बारा खोल्यांची चाळ बांधली, ती एकही खोली विकायची नाही असं ठरवूनच. एक तारखेला ते लाल वही घेऊन ओट्यावर बसायचे. भाडं, पावती, नळाचं गाऱ्हाणं, पाण्यावरून भांडण, सगळं त्या ओट्यावर. बांधणारा, मालक आणि सांभाळणारा एकच, आणि कमाई भाड्यातून. एवढीच ही कल्पना आहे. मुंबईच्या बीडीडी चाळीही अशाच, १९२०च्या दशकात सरकारनं कामगारांना भाड्यानं द्यायला बांधलेल्या. पुढे १९४७च्या कायद्यानं मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठली आणि मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला. आजोबांचंही शेवटी तेच झालं. भाडं वाढेना, पत्रे बदलणं परवडेना, आणि एकेक खोली मातीमोल भावानं भाडेकरूंनाच देऊन टाकावी लागली. आईसमोर हा विषय मी कधी काढत नाही, आज काढला.

इकडे ती कल्पना मोठ्या पैशानं परत आली. २०१२ साली एड्रियन माँटेग्यू यांनी इथल्या सरकारला अहवाल दिला, पेन्शन फंडांसारख्या संस्थांचा पैसा भाड्याच्या घरांकडे कसा वळवता येईल यावर. त्याच वर्षीच्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळाडू राहिले त्या वसाहतीतली बरीच घरं नंतर विकली नाहीत, भाड्यानं दिली. ती भाड्यानं देणाऱ्या कंपनीत नेदरलँड्समधल्या शिक्षकांचा आणि सरकारी नोकरांचा पेन्शन फंड भागीदार आहे. म्हणजे तिकडच्या निवृत्त मास्तरांच्या पेन्शनीत लंडनच्या भाडेकरूचे चार पैसे असतात. या लोकांना पैसा दुप्पट करायची घाई नसते. वीस-तीस वर्षं दरमहा येत राहिला की झालं.

माझ्या बिल्डिंगीत तीनशे घरं आहेत, मालक एक. स्वयंपाकघरातला नळ तीनशे घरांत एकाच जातीचा, त्याचे वायसर खाली कपाटात भरून ठेवलेले. नळ गळाला की मोबाईलवर कळवायचं, संध्याकाळी पगारी प्लंबर हजर. विकून निघून जाणारा बिल्डर स्वस्तातला नळ लावतो, कारण तो गळेल तेव्हा पैसे दुसऱ्याचे जाणार असतात. इथे गळला तर मालकाच्याच खिशातून जातात. कुत्र्याला आंघोळ घालायला वेगळी खोलीसुद्धा आहे! (आई, हसू नको.) सगळं गोडच आहे असंही नाही. मार्चमध्ये लिफ्ट नऊ दिवस बंद होती, भाडं मात्र पूर्ण घेतलं. आणि दर वर्षी भाडेवाढीचं पत्र येतं, या वेळी महिना साठ पौंडांचं.

आता तुमचा फ्लॅट. माझ्या बिल्डिंगीत दहा घरं रिकामी राहिली तर मालकाला ते जाणवतही नाही. तुमचा एक फ्लॅट रिकामा म्हणजे सगळंच उत्पन्न बंद. पगारी प्लंबर नाही, तुम्ही फैजपूरला, फ्लॅट पुण्यात. तो धंदा बिल्ड टू रेंटचा राहत नाही, तुम्हाला विकलेला साधा फ्लॅट राहतो. नाव तेवढं नवं.

हिशोब करू. किंमत ६० लाख. बांधकाम सुरू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ३ लाख. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ४ लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. झाले साडेसदुसष्ट लाख. भाडं ते १८ हजार सांगतात, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३६ हजार, घरपट्टी १० हजार धरा, एक महिना रिकामा, एक महिन्याचं भाडं एजंटाला. उरले १ लाख ३४ हजार. दोन टक्केसुद्धा पडत नाहीत, आणि रंगरंगोटी मी धरलेलीच नाही.

हमीचं म्हणाल तर तीन वर्षांचं भाडं साधारण साडेसहा लाख होतं. ते किमतीतच धरलेलं नसेल कशावरून? शेजारच्या प्रकल्पात तेवढ्याच फ्लॅटचा भाव विचारा. हमी कोण देतो, करारावर कोणाची सही आहे, चौथ्या वर्षी काय, हेही विचारा. भाव वाढेल म्हणाल. वाढेलही. पण मग तो भावावरचा डाव झाला, त्याला भाड्याचं उत्पन्न म्हणू नका.

म्हणूनच आपल्याकडे बिल्डर भाड्यासाठी बांधत नाहीत. भाडं दोन-तीन टक्के आणि कर्जाचं व्याज त्याच्या तिप्पट, बसायचं कसं? २०१९ मध्ये आपल्याकडे पहिला रीट (अनेकांचा पैसा एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारा फंड) शेअर बाजारात आला, तोही ऑफिसांचा होता, घरांचा नव्हता.

हे पैसे हायवेत गेलेल्या शेताचे आहेत, नाना. ती केळी परत लावता येणार नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमच्या नावावर ३० लाख, आईच्या नावावर ३० लाख ठेवता येतात. २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे, म्हणजे ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये. व्याजावर कर लागतो, तो भरू. घर डोळ्यांना दिसतं, व्याज दिसत नाही, हे तुमचं म्हणणं मला माहीत आहे.

भाडंच हवं असेल तर गोठ्याच्या जागेवर दोन खोल्या काढा. कॉलेजची पोरं दर जूनला खोली विचारत येतातच. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच करा. तोंडी नको, नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. पण पोरांच्या मागे "दिवा बंद करा रे" म्हणत फिरणार आई. तेव्हा तिनं हो म्हटलं तरच.

मी डिसेंबरात येतेय, भरीत तेव्हा. तोवर टोकनचा एक रुपयाही देऊ नका, आणि त्या करारातलं हमीचं पान फोटो काढून पाठवा. आई, आजोबांची लाल वही माळ्यावर असेल तर तिच्या पहिल्या पानाचाही फोटो पाठव. बारा खोल्यांचं मिळून भाडं किती यायचं ते बघायचंय.

तुमची,
मनू