खारपाणपट्ट्यात पिलू लावून तर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या ताजबागेत दर्ग्याबाहेर दात घासायच्या मिसवाकच्या काड्या विकायला असतात. ही पिलू नावाच्या झुडपाची मुळं आणि डहाळ्या. राजस्थान-गुजरातेत या झुडपाला 'खारी जाळ' म्हणतात. वाळवंटात आणि समुद्रकाठच्या खारट जमिनीत, जिथे दुसरं काही तग धरत नाही, तिथे ते हिरवंगार असतं. पाला उंट आवडीनं खातात.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं, जिथे जमिनीखालचं पाणी खारट असतं. आमच्या विहिरीला पाणी भरपूर, पण वडिलांनी ते पिकाला कधी दिलं नाही. त्या पाण्यातल्या सोडियमनं काळी माती फुगते, पाणी खाली मुरत नाही आणि जमीन चोपण होते. अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून पूर्णेच्या खोऱ्यातली साडेचार लाख हेक्टरांहून जास्त जमीन अशी आहे. पाऊस दगा देतो तेव्हा भरल्या विहिरीजवळ पीक वाळताना मी लहानपणापासून पाहिलंय.

पिलूचं खरं मोल बियांत आहे. त्यांचं तेल खाण्याचं नाही, पण खोबरेल तेलासारखी लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लं त्यात असल्यामुळे साबणाला ते फार चांगलं. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या भरूच केंद्रानं तिथल्या खारट काळ्या जमिनीत पिलूची लागवड करून दाखवली आहे. आपली माती काळीच, मात्र दुखणं थोडं वेगळं. तिथे क्षार जास्त, इथे चोपणपणा. म्हणून कपाशी-हरभरा काढून पिलू लावा, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण बांध, गायरान, पडीक तुकडे यांवर आधी चाचणी का होऊ नये?

मातीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था नागपुरात आहे. तेल तंत्रज्ञान शिकवणारी एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) हीही इथलीच. दोन्ही अमरावती रोडवर, आणि तोच रस्ता पुढे आमच्या गावाकडे जातो. या दोघांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला सोबत घेऊन दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगाव तालुक्यांत एकेका गावी थोडी रोपं लावावीत. ती जगतात का, बी किती धरतं, तेल किती निघतं, हे चार-पाच वर्षं नीट मोजावं. आमच्या शेताचा धुऱ्याकडचा पडीक तुकडा यासाठी द्यायला माझा भाऊ तयार आहे.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर