गुण खाली आणणारी मुलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त अमेरिकेत येणारी आपली मंडळी घर शोधताना आधी शाळेचं रेटिंग बघतात. दहापैकी नऊ असलं की भाडं जास्त पडलं तरी चालतं. मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत विशेष शिक्षणाच्या वर्गात मदतनीस आहे. राज्याची परीक्षा जवळ आली की हमखास ऐकू येतं, "ती स्पेशल एज्युकेशनची आणि इंग्रजी न येणारी मुलं कशाला बसवतात? शाळेचे गुण खाली येतात." बोलणारे पुष्कळदा मराठीच असतात, म्हणून हे पत्र मराठी वृत्तपत्राला.

पूर्वी ही मुलं सर्रास वगळली जात. ज्याचे गुण कुठेच धरले जात नाहीत, त्याला शिकवलं काय नि न शिकवलं काय, शाळेला कोण विचारतो? 1997 साली अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यांना राज्याच्या परीक्षेत घेणं बंधनकारक झालं. 2002 च्या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याने अपंग मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं अशा गटांचे निकाल वेगळे जाहीर करायला लावले, शिवाय प्रत्येक गटातली 95 टक्के मुलं परीक्षेला बसलीच पाहिजेत, असं म्हटलं. 2015 च्या कायद्यातही हे कायम आहे. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना वेगळी परीक्षा आहे, पण राज्यातल्या एक टक्क्याहून जास्त मुलांना ती देऊ नये असं बंधन आहे. ते नसतं, तर जड जाणारं प्रत्येक मूल तिकडेच ढकललं गेलं असतं.

बसवतात म्हणजे नुसतं कोंबत नाहीत. आमच्या छोट्या खोलीत हेडफोन लावलेला मुलगा गणिताचा प्रश्न संगणकाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतो. त्याला वेळही जास्त मिळतो. शेजारच्या मुलीजवळ द्विभाषिक शब्दकोश असतो. शब्दाला शब्द देणारा चालतो, व्याख्या देणारा नाही. मुलं आशेने माझ्याकडे बघतात आणि मला मान हलवायचीही मुभा नसते! (तो दिवस मला मुलांपेक्षा जड जातो.)

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. पहिल्या वर्षी इंग्रजी वाचनाच्या परीक्षेतून सूट मिळू शकते, गणिताला बसावंच लागतं. त्या गणितात उदाहरण समजणंच अर्धी लढाई. न्यू जर्सीत गणिताचा पेपर स्पॅनिशमध्येही मिळतो, आपल्या मुलांची तशी सोय नाही. त्यातून इंग्रजी चांगलं आलं की मूल आज ना उद्या त्या गटातून बाहेर पडतं. मग तो गट कायम कच्चा दिसणार, यात नवल काय?

मूल या 'कच्च्या' गटात जाईल, याच धास्तीने आपले पालक एकमेकांना सल्ला देतात, "शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा इंग्लिशच लिही, नाहीतर मुलाला ईएसएलमध्ये टाकतील." (ईएसएल म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचा वर्ग.) त्या फॉर्मवरून शाळा मुलाची इंग्रजीची चाचणी घ्यायची की नाही ते ठरवते. पोराला इंग्रजी येत असेल तर चाचणीत कळतंच, येत नसेल तर हक्काची मदत आपणच घालवतो.

घर बघताना राज्याच्या संकेतस्थळावर शाळेचा अहवाल उघडा आणि एकूण आकड्याखाली अपंग व इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या ओळी वाचा. मुलं फार थोडी असतील तर गोपनीयतेसाठी आकडा दाखवत नाहीत. तसं असलं तर त्या मुलांना कोण शिकवतं, हे शाळेत फोन करून विचारा.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी