नकाशा मोठा नको, भरलेला हवा

संपादक महोदय,

'द एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेम मालिकेतील सहाव्या खेळाची घोषणा जून 2018 मध्ये मिनिटभराहूनही छोट्या झलकीने झाली, आणि त्याआधीचा 'स्कायरिम' तर 2011 सालचा. एवढ्या प्रतीक्षेत चाहत्यांच्या अपेक्षा वाढणे स्वाभाविकच आहे. मात्र प्रत्येक चर्चेत पहिला प्रश्न नकाशाच्या आकाराचा असतो, याचे नवल वाटते. याच मालिकेतला 1996 चा 'डॅगरफॉल' आकाराने अवाढव्य होता, परंतु त्यातील बहुतेक भुयारे ठरावीक तुकडे जोडून रचलेली असल्याने चौथ्या भुयारात शिरताना पहिल्याचीच आठवण येई. 2002 च्या 'मॉरोविंड'चे बेट त्यामानाने चिमुकले, तेथे पडद्यावरचा बाण वाट दाखवत नसे, कोणी सांगितलेल्या खाणाखुणांवरून गुहा शोधावी लागे (आणि आमच्यासारखे हमखास चुकत!), म्हणूनच तो प्रदेश पायाखालचा होऊन जाई. ही मालिका बनवणाऱ्याच स्टुडिओच्या 2023 च्या 'स्टारफील्ड' या खेळातील हजाराहून अधिक ग्रह, त्यांतील बहुतेक ओसाड, पाहिल्यावर मोठा नकाशा रिकामाच राहतो ही माझी शंका बळावली आहे. ड्रॅगन कमी असले तरी चालतील. हाताने घडवलेले कोपरे तेवढे कमी करू नयेत, इतकीच अपेक्षा आहे.

आपला,
एक जुना खेळाडू