लिहिताना तंबोराच बरा

महोदय,
रविवार पुरवणीत एका कादंबरीकाराने आवडती गाणी ऐकत लिहितो असे सांगितले आहे. गाणी मलाही जीव की प्राण, पण लिहायला बसलो की शब्दांचे गाणे बंद! नाहीतर त्यातली ओळ नकळत पात्राच्या तोंडी जाते. मी नुसता तंबोरा लावतो, तोही मिरजेचा. तारेखाली सुताचा धागा सरकवत कारागीर जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, लावतात, ते एकदा जाऊन पाहावेच; वाक्य जुळवायलाही तेवढाच धीर लागतो. आणि मूडच्या गप्पा मारणाऱ्यांनी आपल्या शेटफळ्याचे गदिमा आठवावेत. पुणे आकाशवाणीसाठी १९५५-५६ मध्ये त्यांनी दर आठवड्याला एक गीत देत गीतरामायण पुरे केले. तिथे कसला आलाय मूड! लेखकमहाशयांनी पुढच्या वेळी गाण्यांची यादी आवरून खाडाखोडीबद्दल लिहावे.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली