धरणसाठ्याचे आकडे आणि वखारीतला घनफूट

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की धरणसाठ्याचे तक्ते आपल्या दैनिकात नेमाने येतात आणि नाशिककर वाचक सकाळी आधी तेच पान उघडतात. माझी तक्रार त्या आकड्यांविषयी नाही, एककांविषयी आहे. एकाच पानावर गंगापूरचा साठा दशलक्ष घनफुटांत, जायकवाडीचा दशलक्ष घनमीटरमध्ये, मराठवाड्यासाठी सोडायच्या पाण्याचा वाद टीएमसीमध्ये (म्हणजे हजार दशलक्ष घनफुटांत) आणि महापालिकेचा पुरवठा दशलक्ष लिटरमध्ये छापला जातो. गंगापूर ५६३० आणि जायकवाडी २९०९ असे आकडे एकाखाली एक वाचून गंगापूरच मोठे असे एखाद्या विद्यार्थ्याने ठरवले, तर त्याला बोल लावता येणार नाही. प्रत्यक्षात गंगापूरची ही क्षमता जेमतेम १५९ दशलक्ष घनमीटर भरते आणि जायकवाडी तिच्या अठरा पट आहे. मीटरचे ३.२८ फूट होतात म्हणून घनफुटांना ३.२८ ने भागणारी शिकलेली माणसेही भेटतात. पण लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींना तो गुणक लागत असल्यामुळे भागावे लागते ३५.३ ने.

त्याहून मोठा घोळ क्यूसेकचा आहे. ‘पाच हजार क्यूसेक पाणी सोडले’ या वाक्यातून किती पाणी गेले हे कळतच नाही, कारण क्यूसेक हा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. एका क्यूसेकच्या धारेखाली दहा हजार लिटरचा टँकर सहा मिनिटांच्या आत भरतो. विसर्ग किती तास चालला हे सांगितल्याशिवाय त्याचा साठ्याशी मेळ बसत नाही : ११,५७४ क्यूसेकचा विसर्ग अखंड चोवीस तास चालला तर एक टीएमसी, म्हणजे २८३२ कोटी लिटर पाणी जाते. रोज ५०० दशलक्ष लिटर उचलणारे शहर धरले तर तेवढे पाणी त्याला ५६ दिवस पुरेल. हे गणित बातमीतच असते, तर ‘आमचे पाणी’ आणि ‘तुमचे पाणी’ या दरवर्षीच्या भांडणात निदान दोन्ही बाजू एकाच आकड्यावर भांडल्या असत्या.

लाकडाच्या वखारीत हाच गोंधळ थेट गिऱ्हाइकाच्या खिशाशी येतो. वनविभागाच्या आगारात लिलाव घनमीटरवर होतो, वखारीत भाव घनफुटावर सांगितला जातो. चिरलेल्या मालाचा हिशेब सरळ आहे : पाच बाय तीन इंचाच्या चौकटीला सतरा फूट माल लागला, तर पाच गुणिले तीन गुणिले सतरा भागिले १४४, म्हणजे १.७७ घनफूट, मिस्त्री हा आकडा लाकडावरच पेन्सिलीने मांडून दाखवतो. गोल लाकडाचे मात्र तसे नाही. तेथे घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करून लांबीने गुणण्याची जुनी रीत आहे. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने दहा घनफूट भरतो, पण त्याचे खरे घनफळ पावणेतेरा घनफुटांच्या आसपास असते. चिराईत जाणारा माल त्यात आधीच वजा धरलेला असतो, म्हणून रीतीत लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. तरीही त्या दहाला ३५.३ ने भागून कोणी घनमीटर काढू लागला, तर उत्तर पाचव्या हिश्शाहूनही अधिक चुकेल. कोणत्या रीतीने मोजले हे पावतीवर लिहिलेले असायलाच हवे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणे भाव प्रमाणित, म्हणजे मेट्रिक एककातच सांगायला हवा, ही गोष्ट निराळीच.

वखारींचे काम वैध मापन यंत्रणेने पाहावे. आपल्याकडे मागणी एवढीच की साठ्याच्या तक्त्यात सर्व धरणांसाठी दशलक्ष घनमीटर हे एकच एकक वापरावे, वाटल्यास शेजारी टीएमसी द्यावे, आणि विसर्गाच्या प्रत्येक बातमीत क्यूसेकबरोबर तो किती तास चालला हेही छापावे.

आपला,
एक वाचक
पंचवटी, नाशिक